दुसऱ्यांच्या ग्रंथांवर लिहून मिळविलेला वाचक : उज्जयिनीच्या ज्योतिष-परंपरेतील एक रीत

उज्जैनचे नाव निघाले की महाकालेश्वर, क्षिप्रा नदी आणि सिंहस्थ मेळा यांचे स्मरण होते. ज्योतिर्गणिताच्या अभ्यासकांना मात्र ही नगरी आणखी एका कारणाने परिचित आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेखा लंका आणि उज्जयिनी यांवरून जाते असे मानीत व इतर सर्व गावांचे देशांतर त्या रेषेपासून मोजीत. ज्योतिषी काश्मीरचा असो वा कोकणचा, गणिताच्या आरंभी त्याला उज्जयिनीचे नाव घ्यावेच लागे. पण त्याचे स्वतःचे नाव उज्जयिनीपर्यंत पोहोचावे कसे?

त्या काळी छापखाने नव्हते. कोणी तरी हाताने नक्कल करून घेतली, तरच ग्रंथ टिकत असे. हे काम कष्टाचे व खर्चाचे. अनोळखी माणसाची पोथी कोण उतरवून घेणार? वाचक जमलेला असे तो जुन्या व मान्य ग्रंथांभोवती. तेव्हा नव्या विद्वानाने त्या ग्रंथाकडेच जावे, त्याच्यावर वाचकांना उपयोगी पडेल असे काही लिहावे आणि तेथून आपला वाचक मिळवावा, अशी रीत रूढ झाली. ‘त्रिपाठ’ पद्धतीच्या पोथीत मूळ श्लोक मध्यभागी व टीका त्याच्या वर आणि खाली लिहिलेली असते. मूळ ग्रंथ शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याची दृष्टी टीकाकाराकडे आपोआप वळे, आणि मुळाची नक्कल होताना टीकेचीही होई.

अवंती देशाचा रहिवासी वराहमिहिर याची ‘पंचसिद्धान्तिका’ हे याचे जुने उदाहरण होय. शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५, हा आरंभकाल धरून रचलेल्या या ग्रंथात त्याने पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह या दुसऱ्यांच्या पाच सिद्धान्तांचे सार दिले. नुसते सार देऊन तो थांबला नाही. पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास, सौर अधिक स्पष्ट आणि उरलेले दोन फार चुकलेले, असा निर्वाळाही त्याने दिला. चुकलेले म्हणून ते दोन त्याने वगळले नाहीत, हे विशेष. ज्या रूपात ते पाच सिद्धान्त त्याच्यापुढे होते, त्या रूपात ते आज उपलब्ध नाहीत. त्यांची माहिती मुख्यतः त्याच्याच ग्रंथातून मिळते. इ. स. १८८९ मध्ये थीबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला.

ब्रह्मगुप्ताची हकीकत अधिक उद्बोधक आहे. इ. स. ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्यातील एका अध्यायात आर्यभटादी पूर्वसूरींवर त्याने कठोर प्रहार केले आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाचे मतही त्याने खोडून काढले. तेथे आर्यभटाचेच बरोबर होते, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. लाकूड पोखरताना किड्याकडून नकळत अक्षरे उमटावीत तसे आर्यभटाचे झाले, या त्याच्या उपहासाबद्दल अल्बेरुनीने पुढे इ. स. १०३० च्या सुमारास नापसंती नोंदविली. सुमारे चार शतकांनंतर एका परदेशी विद्वानालाही ती भाषा खटकली!

एवढी टीका होऊनही पंचांग करणारे लोक आर्यभटाची गणिते सोडीनात. तेव्हा इ. स. ६६५ मध्ये ब्रह्मगुप्ताने निराळा मार्ग धरला. ‘खंडखाद्यक’ या करणग्रंथात (करणग्रंथ म्हणजे रोजच्या गणितासाठी केलेले सुटसुटीत पुस्तक) त्याने प्रथमच सांगून टाकले की, विवाह, जातक इत्यादींसाठी आर्यभटाच्या ग्रंथावरून दररोज गणित करणे अवघड जाते, म्हणून तेच फल देणारी सोपी रीत मी देतो. वाचकाला त्याच्या ओळखीच्या वाटेनेच आणले आणि उत्तरार्धात स्वतःच्या सुधारणा पुढे ठेवल्या. हे पुस्तक लोकांनी उचलून धरले. पृथूदक, भटोत्पल, आमराज यांनी त्यावर टीका लिहिल्या. आर्यभटाचा मध्यरात्रीपासून दिवस मोजणारा मूळ ग्रंथ नष्ट झाला असून त्याची पद्धती आज कळते ती बव्हंशी खंडखाद्यकामुळे. ज्याची निंदा केली त्याचेच जतन ब्रह्मगुप्ताच्या हातून घडले.

भटोत्पलाने वराहमिहिराच्या ग्रंथांवरही विस्ताराने लिहिले. त्याने उद्धृत केलेल्या कित्येक जुन्या ग्रंथकारांची वचने अन्यत्र सापडत नाहीत.

मुळातील अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगून भागत नसे. मूळ ग्रंथाची केवळ री ओढणाऱ्या टीकांना वाचकांनी फारसे जवळ केले नसावे. कोकणात समुद्रकाठच्या नांदगावी राहणाऱ्या गणेश दैवज्ञाने इ. स. १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, ती नियमांमागील उपपत्ती देते. नियम तसाच का, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ती हवीशी वाटे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याचा शिलालेख तेथे आहे. अशा मठांतून टीकांना वाचक मिळत गेला.

या सर्व ग्रंथांचा परामर्श मराठीत घेतला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकाने. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ इ. स. १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर केले ते उज्जैनच्या माधव महाविद्यालयात गणित शिकविणारे प्रा. र. वि. वैद्य यांनी, भारत सरकारने त्याचा पहिला भाग १९६९ साली प्रसिद्ध केला.