तरवड दाराशी

लातूरकर २०१६ चा उन्हाळा विसरायचे नाहीत. मांजरा धरण आटले होते, आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची आगगाडी लातुरात आली. माणसांनाच घागर मिळेना, तेथे अंगणातल्या गुलाबांची विचारपूस कोण करणार! हौसेने लावलेली हिरवळ पाहता पाहता करपली. गावाबाहेरच्या माळावर तरवड मात्र हिरवा होता. त्याला कोणी तांब्याभर पाणी घातले नव्हते.

तेव्हापासून माझ्या कुंपणाशी तरवडच आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो सर, रानातलं झुडूप दारात कशाला?” मी विचारले, “काकू, नवरात्रात घटाला माळ कशाची घालता?” त्या हसल्या. माळेला चालतो, पण दाराशी नको, असा आपला न्याय! माझ्या नांदेड जिल्ह्यात देगलूर-धर्माबादकडची सीमा ओलांडली की, याच दिवसांत तेलुगू बायका बतुकम्मा रचतात. तिच्यात हीच पिवळी फुले मानाची. तेलंगणाने तर तंगेडू, म्हणजे आपला तरवड, राज्यपुष्प केला आहे. पूर्वी कातडी कमावणाऱ्यांनाही याच्या सालीवाचून चालत नसे.

लावण्यात अवघड काही नाही. फक्त उपटून आणलेले रोप लावू नये. सोटमूळ खोल जाते, ते दुखावले की झाड रुसते. बीच पेरावे. त्याचे कवच टणक, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, मृगाचा पाऊस झाल्यावर कायमच्या जागी, भरउन्हात टोचावे. पाणी साचते तेथे मात्र नको. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी. पुढे विसरलात तरी चालेल. झुडूप पुरुषभर वाढते. बहर ओसरल्यावर छाटले की दाट होते. गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, तेव्हा फाटक उघडे राहिले तरी धास्ती नाही. गुलाबाचा सुगंध याला नाही, हे मान्य. पण सुगंधासाठी रोज दोन बादल्या ओतण्याची ऐपत आपल्या मुलखाची नाही.

दिवाळीनंतर गावाकडे जाल, तेव्हा सडकेच्या कडेला याच्या चपट्या, तपकिरी शेंगा वाळलेल्या दिसतील. मूठभर खिशात टाका आणि जूनपर्यंत कोरड्या डब्यात ठेवा.