ऐकलेले लंडन आणि पाहिलेले लंडन

मराठी घरात लंडनचे नाव नुसते एका शहराचे नाव म्हणून कधी आलेच नाही. ते आले 'विलायत' होऊन. मुळात या अरबी शब्दाचा अर्थ एवढाच, की प्रांत किंवा मुलूख. पण इंग्रजी अंमलात तो इंग्रजांच्या मुलखाला असा काही चिकटला, की उंची कापड ते विलायती, जालीम औषध ते विलायती, आणि मेक्सिकोच्या बाजूने आपल्याकडे आलेली ती गुलाबी-पांढऱ्या गराची चिंच, तीही बिचारी विलायतीच! गंमत अशी, की इथल्या गोऱ्या सोल्जरांनी हाच शब्द उचलला आणि त्याचे 'ब्लायटी' केले. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात बसून इंग्रज शिपाई घराची आठवण काढीत ती या शब्दाने. म्हणजे साहेबाला आपल्या घरासाठी लाडके नाव हवे झाले, ते त्याने आपल्याकडूनच उसने नेले.

अशा या विलायतेचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी तिकडे न जाताच मनात रंगवलेले असते. बारा महिने धुके, सदैव पाऊस, एक मोठे घड्याळ, तांबड्या दुमजली बसगाड्या आणि शेजाऱ्याशीही न बोलणारा, पण वेळेला काटेकोर असा साहेब. शेरलॉक होम्सच्या गोष्टी, परतून आलेल्या बॅरिस्टरांच्या आठवणी आणि प्रवासवर्णने यांतून हे लंडन तयार झाले. अनंत काणेकरांच्या गाजलेल्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या पुस्तकाच्या तर नावातच धुके आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. लंडनच्या बाबतीत पंचाईत अशी, की जे दुरून साजरे दिसते ते जवळ गेल्यावर सापडत नाही, आणि जे खरोखर साजरे आहे ते दुरून दिसत नाही.

प्रथम त्या धुक्याचीच गोष्ट घ्या. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी मफलर हातात देत बजावले, "धुक्यात एकमेकांचा हात सोडू नका हो!" महिना जूनचा. लंडनमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजले तरी आकाशात उजेड, आणि बागेतल्या हिरवळीवर उताणी पडलेली माणसे ऊन खाऊन तृप्त झालेली! मफलर बॅगेत गेला तो परतीपर्यंत बाहेर आला नाही. तरीही काकूंची माहिती काही खोटी नव्हती. ती फक्त पाऊणशे वर्षे जुनी होती.

कारण ते प्रसिद्ध धुके ही निसर्गाची करणी थोडीच होती? नदीकाठच्या साध्या धुक्यात घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्या, कारखाने आणि वीजघरे आपला धूर ओतीत, आणि चित्रकार, कादंबरीकार त्या मिश्रणाला अद्भुतरम्य ठरवीत. क्लोद मोनेसारखा फ्रेंच चित्रकार तर ते रंगवायला मुद्दाम लंडनला येऊन राहिला होता. मग १९५२ चा डिसेंबर उजाडला. ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत वारा पडला, थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले आणि धूर शहरावर तसाच साचून राहिला. बसच्या पुढे कंडक्टर पलिते घेऊन चालू लागले. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धूर शिरला आणि प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून ऑपेरा मध्येच थांबवावा लागला. माणसे घरात खोकत होती आणि इस्पितळे भरत होती. सरकारी हिशेबाने सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढच्या संशोधकांनी तो आकडा १२,००० च्या घरात नेला.

त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरातले भाग धूरमुक्त म्हणून जाहीर होऊ लागले आणि जुन्या शेगड्या बदलायला लोकांना पैशाची मदत मिळू लागली. हे काही एका रात्रीत झाले नाही. १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा एकदा तसेच जीवघेणे धुके पडले. पण हळूहळू ते विरले. आज ज्या जुन्या बँकसाइड वीजघराची चिमणी नदीकाठी उभी दिसते, तिच्या पोटात २००० सालापासून चित्रांचे भले मोठे संग्रहालय आहे, आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. लंडन धुक्यातून बाहेर आले ते असे. आपल्या मनातले लंडन मात्र अजून त्यातच चाचपडते आहे.

पावसाचेही तेच. लंडनमध्ये वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी! मुंबईचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, म्हणजे लंडनची दीड वर्षाची शिदोरी चोवीस तासांत. मग पावसाळी शहर म्हणून लंडनची एवढी ख्याती का? तर तो पाऊस कधी संपतच नाही. आपला पाऊस जावयासारखा येतो. वाजतगाजत येतो, चार महिने घर डोक्यावर घेतो आणि निघून जातो. लंडनचा पाऊस म्हणजे दारात उभा राहून 'येऊ का, नको' करणारा भिडस्त पाहुणा. वर्षभर तो असा ये-जा करीत असतो. माणूस त्यात भिजत नाही, नुसता ओलसर होतो.

नावांनी तर लंडन पाहुण्याला हमखास चकवते. पिकॅडिली सर्कसमध्ये हत्ती नाहीत, वाघ नाहीत, झोपाळे नाहीत. सर्कस म्हणजे नुसता गोल चौक. 'बिग बेन' हे त्या जगप्रसिद्ध मनोऱ्याचे नाव नव्हेच. ते आतल्या मोठ्या घंटेचे नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. आणि 'लंडन ब्रिज' म्हणून घरोघरीच्या फोटोंत जो पूल असतो, तो टॉवर ब्रिज, १८९४ सालचा. खरा लंडन ब्रिज त्याच्या शेजारीच आहे, पण इतका साधा, की त्याच्यावरून चालत जाऊनही माणूस लंडन ब्रिज कुठे म्हणून विचारतो. त्याच्या आधीचा दगडी पूल १९६८ साली एका अमेरिकन धनिकाने विकत घेतला आणि दगड दगड मोजून ॲरिझोनात नेऊन उभा केला.

मुंबईकराला आणखी एक चमत्कारिक अनुभव येतो. सेंट पँक्रस स्टेशनासमोर तो उभा राहतो, कमानी, मनोरे, दगडी नक्षी पाहतो, आणि त्याला वाटते, अरे, हे तर आपण रोज पाहतो! वाटणे चुकीचेही नाही. त्या स्टेशनापुढचे भव्य हॉटेल उभारणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच आपल्या राजाबाई टॉवरचा आराखडा काढला. ज्याने लहानपणापासून बोरीबंदर आणि फोर्ट पाहिला, त्याचे डोळे लंडनच्या इमारतींनी दिपत नाहीत.

मग डोळे दिपावेत असे तिथे काय आहे? आम्हाला विचाराल तर, जे दिसत नाही ते! टेम्स नदीच्या काठाने संध्याकाळी लोक फिरत असतात. त्यांच्या पायांखालून शहराचा मैला वाहतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. १८५८ च्या उन्हाळ्यात हीच नदी इतकी घाण मारू लागली, की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. राज्यकर्त्यांच्या नाकाशी घाण आली तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले, आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरने जमिनीखाली विटांच्या गटारांचे जाळे विणले. तरीही शहर वाढतच गेले आणि १९५७ साली शास्त्रज्ञांना सांगावे लागले, की या नदीत आता जीव उरलेला नाही. पुन्हा कामाला लागणे आले. आज तिच्यात मासे आहेत आणि कधीमधी सील डोके वर काढतो. तेवढ्यावरही भागले नाही. जोराचा पाऊस आला की मैलापाणी नदीत उतू जाई, म्हणून २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खणला. तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. मिठी आणि मुठेच्या काठी नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी ही दीडशेहून अधिक वर्षांची चिकाटी पाहायला लंडनला जावे. राजवाडा नंतर पाहिला तरी चालेल.

आणि तो अबोल साहेब? तो शोधावाच लागतो. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे दहांतले चार लंडनकर परदेशात जन्मलेले आहेत. भाजीवाला बंगाली, बसचा ड्रायव्हर आफ्रिकेतला, कॉफी देणारी मुलगी पोलंडची. हाउन्स्लोला वडापाव मिळतो, आणि डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे.

पण म्हणून तिथे सारे घरच्यासारखे आहे असे मानून आपल्या मुलांना तिकडे धाडू नये. आज अनेक मध्यमवर्गी घरांतून मुले-मुली शिकायला लंडनला जातात, त्यासाठी कर्जे निघतात, दागिने मोडतात. अशा वेळी आईवडिलांच्या डोळ्यांसमोर पोस्टकार्डातले लंडन असून भागायचे नाही. खोलीचे भाडे पोटाला चिमटा काढते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमाराला, घड्याळे तासभर मागे जातात आणि पाचच्या आत अंधारून येते. डिसेंबरात तर चार वाजायच्या आधीच सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या वेळी चहाचे आधण पडते. धुक्याची धास्ती सर्वांनी घातलेली असते. या चार वाजताच्या एकटेपणाबद्दल कुणी बोललेले नसते. घरून फोन करायचा तर त्या वेळेच्या हिशेबाने करावा.

असे एकटेपण सोसून आपल्या थोरांनी तिथे काय केले, त्याच्या खुणा मात्र जाऊन पाहण्यासारख्या आहेत. मेडा व्हेलमध्ये हाउली प्लेसच्या १० नंबरच्या घरावर लोकमान्यांच्या नावाची पाटी आहे. चिरोलवरच्या खटल्यासाठी गेले असता १९१८-१९ मध्ये ते तिथे राहिले. खटला ते हरले, पण त्यांना हरवणाऱ्या शहराने पुढे त्यांची पाटी लावली. किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून त्यांना मायदेशी यावे लागले होते. १९२० साली पैसे जमवून ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. राणीच्या हिऱ्यांपुढे रांग लावणाऱ्या आपल्या मंडळींनी थोडा वेळ या दारासाठीही काढावा. बाबासाहेबांचे लंडन म्हणजे वाचनालयातले एक टेबल होते.

गेल्या काही हिवाळ्यांत मुंबईच्या सकाळी पाहिल्या आहेत ना? समुद्रावरचा पूल अर्ध्यातच नाहीसा होतो, उंच इमारतींचे मजले पुसले जातात, आणि फोटो काढणारे म्हणतात, "वा, अगदी लंडन!" लंडनने टाकलेले हे कापड आता आपल्या अंगावर आले आहे. विलायतेहून आजवर आपण चहाची कपबशी आणली, क्रिकेट आणले, कोट-पाटलोण आणली. आता आणायचेच असेल तर १९५६ सालचे ते शहाणपण आणावे. त्याला जकात पडत नाही.