पत्र वाचता न आलेला तरुण

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक प्रश्न दर काही दिवसांनी येतोच. "मला चारचौघांत बोलता येत नाही, माझी भाषा शुद्ध नाही, मग मी कार्यकर्ता कसा होणार?" विचारणारे बहुतेक पदवीधर असतात. अशा वेळी आम्ही त्यांना वामनदादा कर्डकांची आठवण सांगतो.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा पोटासाठी मुंबईत आले तेव्हा निरक्षर होते. एकदा एक जण त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आला. वामनदादांना ते वाचता येईना. त्या शरमेने ते रडले.

त्यांना वेळ मारून नेता आली असती. आपल्यातले कितीतरी जण आयुष्यभर हेच करतात. बैठकीत शब्द कळला नाही तरी मान डोलावतात. वामनदादांनी मात्र तरुणपणी बाराखडी गिरवली, जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे जुळवली. १९४३ मध्ये पहिले गीत रचले. २००४ मध्ये निधन होईपर्यंत हजारो गीते त्यांनी लिहिली आणि गावोगाव गायली.

पुस्तकी भाषा नसणे हीच पुढे त्यांची ताकद झाली, असे आम्हाला वाटते. समोर बसलेल्या मायमाऊल्या, शेतमजूर, कामगार यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना एकदा ऐकून तोंडात बसेल अशीच ओळ हवी होती. न वाचणाऱ्याच्या कानाला काय पकडते, हे वामनदादांना शिकावे लागले नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. 'स्वतःला आहे तसे स्वीकारा' म्हणणारे वक्ते तो सोयीने विसरतात. शाळा न मिळणे हा वामनदादांचा दोष नव्हता. समाजाने लादलेली वंचना स्वीकारायची नसते, तिच्याशी भांडायचे असते. स्वीकारायचे ते एवढेच, की आज मला हे येत नाही.

हे आम्हालाही उशिरा कळले. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आम्ही मुलांना 'शुद्ध' भाषणे लिहून द्यायचो. एक मुलगी मधेच विसरली, मंचावरून उतरली आणि पुढचे काही महिने अभ्यासिकेकडे फिरकली नाही. चूक तिची नव्हती, आमच्या कागदाची होती. तिला पुन्हा बोलावले ते शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याच्या कामासाठी. घरोघरी ती घरच्याच बोलीत बोलायची. आम्ही तासभर समजावूनही जी आई जातीच्या दाखल्याची कागदपत्रे आणत नव्हती, तिने हिच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी आणून दिली.

गेल्या एप्रिलमध्ये ती पुन्हा उभी राहिली. कागद नव्हता. दोनदा अडखळली, "थांबा, आठवते" म्हणाली. समोरच्या बाया हसल्या, तीही हसली, आणि पुढे बोलू लागली.