जुन्या टाकीतली खडी बदलताना

गोड्या पाण्याच्या मुरलेल्या टाकीत तळाची खडी नुसती शोभेची नसते. माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरइतकेच खडीवरही वाढतात. सगळी खडी एका दिवसात उपसली तर यातला मोठा वाटा जातो, आणि पाणी नितळ दिसत असतानाही मासे दगावतात. म्हणून आठवड्याला साधारण एक चतुर्थांश तळ बदलणे उत्तम. फिल्टर चालूच ठेवावा. त्याचा स्पंज त्या महिन्यात धुऊ नये.

लालबाग-परळच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा धरणांचे मृदू पाणी येते. अशा पाण्यात संगमरवरी चुरा किंवा शिंपल्यांची वाळू हळूहळू विरघळून पाणी जड करते. गप्पी, मॉली यांना ते मानवते, टेट्रांना नाही. नव्या खडीच्या चिमूटभर नमुन्यावर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर ती चुनखडीची.

दोन फूट बाय एक फूट तळाला 5 सेंटीमीटर थरासाठी सुमारे 14 किलो खडी लागते. पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत ती धुवावी. जुनी खडी नळीने पाण्यासकट ओढून काढावी. हाताने ढवळल्यास खालच्या कुजलेल्या थरातला सडक्या अंड्याच्या वासाचा, माशांना घातक वायू पाण्यात मिसळतो. भर घालायचे पाणी आधी अँटिक्लोरीन घालून ठेवावे. पुढचे दोन आठवडे खाणे निम्मे करावे आणि दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट तपासावे. काही आढळल्यास त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदलावे.