मॅगसेसेनंतरचे चौघे

बी. जी. वर्गीस यांना १९७५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी 'हिंदुस्तान टाइम्स'चं संपादकपद गेलं. कधीकाळी इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार असलेल्या या माणसाने सिक्कीमच्या विलीनीकरणावर सरकारला धारेवर धरलं होतं. पुढे आणीबाणी आली. मला मात्र ते जवळचे वाटतात छतेऱ्यामुळे. हरियाणातल्या या खेड्यावर त्यांनी १९६९ पासून पाक्षिक सदर चालवलं. ना खून, ना पूर; गावाचं रोजचं जगणं हीच बातमी. नोकरी गेल्यावर १९७७ मध्ये ते केरळातून लोकसभेला उभे राहिले, पडले, मग आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठीच्या समितीचे अध्यक्ष झाले. पुरस्काराने खुर्ची वाचली नाही, पण खुर्चीवाचूनही आपलं काम आहे, हे त्यांनी मनोमन धरलं असावं.

अरुण शौरींना १९८२ चा मॅगसेसे मिळाला. आदल्या वर्षी त्यांच्या लेखांनी उठलेल्या वादळात मुख्यमंत्री अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पायउतार व्हावं लागलं होतं. शौरी पुढे केंद्रात मंत्री झाले. तो त्यांचा हक्क होता, पण सत्तेला जाब विचारणारा एक कसलेला माणूस सत्तेत गेला, याची हळहळ वाटते. रवीश कुमारांना २०१९ मध्ये हाच सन्मान मिळाला. मालकी बदलू लागताच २०२२ मध्ये त्यांनी एनडीटीव्ही सोडलं.

पी. साईनाथ यांचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००७ मध्ये त्यांनी मॅगसेसे घेतला, २००९ मध्ये पद्मभूषण नाकारला. ज्या सरकारवर आपण लिहितो त्याच्याकडून सन्मान घ्यायचा नाही, कारण पत्रकार हा सरकारचा बाहेरचा लेखापरीक्षक, अशी त्यांची भूमिका. आपल्याकडे मंत्र्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ घेताना हा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. तो पडायला हवा.

२०१४ मध्ये 'द हिंदू' सोडून त्यांनी 'पारी' हे ग्रामीण भारताचं संग्रहस्थळ सुरू केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी गावोगावी गोळा केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांतल्या कितीतरी ओव्या आज तिथे ऐकता येतात, गाणाऱ्या बायांच्या नावानिशी. मॅगसेसेविजेत्या वार्ताहराने त्यांनाही पत्रकारितेत जागा दिली.