पंधरा यार्डांची पुडी

मे-जूनमध्ये मुलाकडे किंवा लेकीकडे ब्रिटनला जायचं, मोटारहोम भाड्याने घ्यायची आणि इन्व्हरनेसहून निघून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालून यायचं, हा बेत आता मराठी घरांत नवा राहिलेला नाही. बेत उत्तमच आहे. २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने जाहिरात होणारा हा रस्ता ५१६ मैलांचा, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरचा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर. प्रश्न येतो तो रात्रीचा. झोपायचं गाडीतच, पण गाडी उभी कुठे करायची?

इथे हमखास एक जाणकार उगवतो. ‘अहो, स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करायचा कायदेशीर हक्क आहे. रस्त्यापासून पंधरा यार्डांच्या आत गाडी लावा, पोलीससुद्धा उठवू शकत नाहीत. ते कौन्सिलचं पैसे घेणारं पार्किंग वगैरे पर्यटकांना टोपी घालायचा धंदा आहे.’ हे मी इतक्या जणांकडून, इतक्या ठाम सुरात ऐकलं आहे की आता ऐकताना दात आवळले जातात. यातलं एकही वाक्य धड खरं नाही. गंमत म्हणजे सांगणाऱ्यांत तिथे दहा-दहा वर्षं राहिलेले लोकही असतात, आणि काही गोरे स्कॉटिश लोकही.

आधी हक्काचं पाहू. स्कॉटिश संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला. त्यातली जमिनीवर वावरण्याच्या हक्काची कलमं २००५ पासून लागू झाली. हा कायदा खरोखरच उदार आहे. जमीन सरकारी असो वा एखाद्या सरदाराची, तुम्ही तिच्यावरून चालू शकता, सायकल किंवा घोडा नेऊ शकता, तळ्यात होडी वल्हवू शकता, छोटा तंबू ठोकून रात्रही काढू शकता. कायद्यासोबतची आचारसंहिता तंबूबद्दल सांगते, की सामान हलकं असावं, माणसं थोडी असावीत आणि एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. इंग्लंडमध्ये एवढी मोकळीक नाही. त्यामुळे ‘स्कॉटलंडमध्ये हक्क आहे’ हे अर्धं वाक्य बरोबर आहे, आणि तेवढंच लोकांच्या कानावर पडतं.

उरलेलं अर्धं त्याच कायद्याच्या नवव्या कलमात आहे. कोणत्या वागण्याला हा हक्क लागू नाही, त्याची यादी तिथे दिली आहे, आणि मोटारवाहन घेऊन जमिनीवर जाणं किंवा थांबणं त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. अपवाद एकच: अपंग व्यक्तीसाठी बनवलेलं किंवा बदलून घेतलेलं वाहन, तेही ती व्यक्ती स्वतः वापरत असेल तर. म्हणजे हक्क माणसाला आहे, इंजिनाला नाही. गाडी रीतसर जागी लावून, पाठीवर तंबू घेऊन टेकडीपलीकडे झोपायला गेलात तर कायदा तुमच्या बाजूला आहे. गाडीच टेकडीच्या पायथ्याशी गवतात घालून तिच्यात झोपलात तर नाही. इतकंच नव्हे, मालकाच्या परवानगीविना खासगी जमिनीवर किंवा रस्त्याकडेला तळ ठोकणं गुन्हा ठरवणारा १८६५ चा कायदा स्कॉटलंडमध्ये अजून जिवंत आहे. २००३ च्या कायद्याने त्यातून सुटका दिली ती हा हक्क बजावणाऱ्यांना. मोटारहोमवाला त्यांच्यात बसत नाही, म्हणून तो अजूनही १८६५ मध्येच आहे.

आता ते पंधरा यार्ड. ही पुडी कुणी सोडली देव जाणे, पण तिचं मूळ सापडतं. १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याचं चौतिसावं कलम सांगतं की रस्ता सोडून माळावर, रानात किंवा पायवाटेवर गाडी घालणं गुन्हा आहे. पण केवळ पार्किंगसाठी रस्त्यापासून पंधरा यार्डांच्या आत, म्हणजे पावणेचौदा मीटरच्या आसपास, गाडी नेली तर ‘या कलमाखाली’ गुन्हा होत नाही. बस, एवढंच. त्याच कलमात पुढे असंही लिहून ठेवलंय की यामुळे कुठल्याही जमिनीवर गाडी उभी करण्याचा हक्क मिळतो असं कुणी समजू नये. कायदा लिहिणाऱ्यांना बहुधा आपल्या जाणकारांचा अंदाज असावा. एका कलमाने शिक्षा टळली म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. आणि कलमात पार्किंग आहे, मुक्काम नाही.

मग लोक शेवटचा पत्ता टाकतात: ‘पण जमीन सार्वजनिक आहे ना?’ आपल्याकडचं गायरानही सरकारीच असतं, म्हणून तिथे जो येईल त्याने चूल मांडावी असं नसतं. स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातली बहुतांश जमीन मुळात खासगी आहे. सार्वजनिक म्हणावी अशी जी आहे तिलाही मालक आहे: कुठे कौन्सिल, कुठे फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड ही सरकारी वनसंस्था. बाह्य हेब्रिडीज बेटांवर काही ठिकाणी गावकऱ्यांनीच संस्था काढून जमीन विकत घेतली आहे. पश्चिम हॅरिसच्या लोकांनी २०१० मध्ये ती चक्क स्कॉटिश सरकारकडून घेतली. तिथल्या किनाऱ्यालगत ‘माखर’ नावाचं गवताळ मैदान असतं. शंखशिंपल्यांच्या वाळूवर मातीचा पातळ थर, त्यावर रानफुलं आणि जमिनीवरच घरटी करणारे पक्षी. जगात हे फक्त स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आढळतं. साडेतीन टनांची गाडी त्यावरून एकदा गेली की गवत फाटतं, वाळू उघडी पडते आणि पुढचं काम वारा करतो.

ले-बायचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. रस्त्याकडेच्या त्या थांब्यावर एखादी रात्र गाडीत झोपणं स्कॉटलंडभर सरसकट गुन्हा आहे असं नाही. बहुतेक ठिकाणी ते खपवून घेतलं जातं, आणि जे खपवून घेतलं जातं ते कधीही थांबवता येतं. लॉख लोमंड राष्ट्रीय उद्यानाने २०१७ पासून १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळासाठी ठरावीक पट्ट्यांत मुक्कामावर उपविधी लावले. आता तिथे तळ्याकाठी मुक्काम करायचा तर परवाना काढावा लागतो. तो मोटारहोमसाठीही मिळतो, थोडे पैसे भरून.

म्हणजे हक्क मुळात नव्हताच. पैसे भरून रात्रभर थांबता येईल अशी जागा कौन्सिल किंवा वनखातं देतं तेव्हा ते तुमचं काही हिरावून घेत नाही. जिथे परवानगी नव्हती तिथे ती देतं, आणि तिची किंमत सांगतं. वनसंस्थेने २०२१ मध्ये आपल्या काही निवडक वाहनतळांवर हा प्रयोग सुरू केला: गाडीत स्वतःचा संडास हवा, मुक्काम एकच रात्र, संध्याकाळी यायचं आणि सकाळी निघायचं. हायलँड कौन्सिलने २०२४ मध्ये सात दिवसांसाठी ४० पौंडांची योजना आणली. त्यात कौन्सिलच्या काही वाहनतळांवर रात्री थांबता येतं आणि तिथल्या क्रीडा केंद्रांत अंघोळ करता येते. लगेच बोंब उठली की मोटारहोमवर कर बसवला. ती योजना ऐच्छिक आहे. ज्याला नको त्याने घेऊ नये, खासगी कॅम्पसाइटवर जावं. खरी कुरकुर त्या कॅम्पसाइटवाल्यांची होती, आणि तिच्यात तथ्य आहे: आम्ही कर भरून धंदा करायचा आणि सरकारी यंत्रणेने शेजारी स्वस्तात जागा द्यायची, हे कसं? पण हा आक्षेप पर्यटकाच्या तक्रारीच्या बरोबर उलटा आहे, हेही लक्षात घ्या.

‘पण पैसे कशाला? आम्ही काय घाण करतो?’ तर ऐका. हायलँड कौन्सिलचा मुलूख साडेपंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या पुढे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. लोकसंख्या अडीच लाखांच्याही आत. तेवढ्या लोकांच्या करातून साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त रस्ते, स्वच्छतागृहं आणि कचरापेट्या सांभाळायच्या. तुमच्या गाडीतल्या संडासाची डबी साधारण अठरा-वीस लिटरची असते. चौघांच्या कुटुंबाला ती दोन-तीन दिवसांत रिकामी करावीच लागते. मग ती सार्वजनिक संडासात ओतली जाते आणि वर म्हटलं जातं, ‘संडासातलं संडासातच टाकलं ना?’ नाही हो. दुर्गम भागातली बरीच स्वच्छतागृहं सेप्टिक टँकवर चालतात. टँक चालतो तो जिवाणूंवर. डबीत दुर्गंधी मारायला घातलेलं निळं रसायन तेच जिवाणू मारतं. टँक बंद पडला की स्वच्छतागृहाला कुलूप, आणि कुलूप लागलं की पुढचे पर्यटक झुडपामागे. डबी फक्त त्यासाठी राखलेल्या जागीच रिकामी करायची. अशा जागा बांधायला आणि उपसायला पैसे लागतात, आणि ते वाहनतळाच्या पावतीतून यावेत यात गैर काय?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पैसे भरले, आता खुर्च्या मांडू, चांदवा ताणू, शेगडी पेटवू.’ तुम्ही पार्किंगचे पैसे भरलेत, कॅम्पसाइटचे नाही. गाडीच्या आत राहा.

‘बोर्ड नाही, म्हणजे चालतं.’ जमिनीच्या मालकाने प्रत्येक कोपऱ्यावर नकार लिहून ठेवणं बंधनकारक नाही.

याच्या उलट, ‘रात्री थांबू नये’ असा रस्त्याकडेचा प्रत्येक बोर्ड कायदेशीर बंदी असतो, हेही खरं नाही. त्यामागे वाहतुकीचा रीतसर आदेश नसेल तर रस्त्यावर तो विनंतीच्याच पातळीवर राहतो. वाहनतळाचं मात्र तसं नाही, तिथे मालकाच्या अटी लागू होतात.

‘बाकी युरोपात सगळं फुकट.’ फ्रान्समधल्या नगरपालिकांच्या मोटारहोम-थांब्यांपैकी कित्येक सशुल्क आहेत. नॉर्वेत मोकळ्या रानात गाडी घालायला १९७७ च्या कायद्याने मनाई आहे. आइसलँडमध्ये कॅम्पसाइटबाहेर मोटारहोममध्ये राहायचं तर जमीनमालकाची परवानगी लागते.

‘भारतीय परवाना चालत नाही.’ पर्यटक म्हणून गेलात तर बारा महिने चालतो, साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीसाठी. भाड्याने देणाऱ्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचा.

‘एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर मध्येमध्ये छान रुंद जागा असतात, तिथे रात्र काढता येते.’ या एका वाक्यासाठी मी पुन्हा चिडायला तयार आहे. त्या जागा समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आहेत. तिथे पार्क करू नका असं ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतला १५६ वा नियम सांगतो. तुम्ही पडदे ओढून झोपलेले असताना त्याच रस्त्याने रुग्णवाहिका यायची असते, आणि पहाटे दुधाची किंवा मेंढ्यांची गाडी. ॲपलक्रॉसकडे जाणारा बिॲलाख ना बा हा घाट तर समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर उंचीपर्यंत चढतो, अरुंद आणि नागमोडी. नवशिक्यांनी, फार मोठ्या वाहनांनी आणि कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांनी पुढे जाऊ नये, असा फलक घाट सुरू होतानाच लावलेला आहे. मोठी मोटारहोम असेल तर शील्डेगवरून किनाऱ्याने जाणारा लांबचा रस्ता धरा. ॲपलक्रॉस तिकडूनही गाठता येतं.