शनिवारची चर्चा आणि कापडाचा सौदा

सिनेमा पाहावा की नाही, हा या पानाचा विषय नाही. पण मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. कारीगर थिएटरात जातो आणि शनिवारी चहाच्या हॉटेलात कुणी म्हणतो पैसे वसूल, कुणी म्हणतो इंटरवलनंतर झोप लागली. कापड व्यापाऱ्याने ही चर्चा कान देऊन ऐकावी, असे आमचे मत आहे.

सिनेमाचा पहिला आठवडा जाहिरातीवर जातो, पुढचे आठवडे पाहून आलेल्यांच्या बोलण्यावर. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला, तेव्हा धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला असे सांगून टाकले होते. पब्लिकने एकमेकांना सांगितले आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो ५ वर्षे चालला. आपल्या भाषेत ही रिपीट ऑर्डर.

१९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला माधुरी दीक्षितचा जांभळा पोशाख असाच गाजला. लग्नसराईत गिऱ्हाईक तोच रंग मागू लागले. आम्हीही माल भरला, पण उशिरा. बोलत होत्या बायका आणि आम्ही हॉटेलात पुरुषांचे ऐकत बसलो! मागणी ओसरली, रक्कम गोदामात अडकली.

तेव्हापासून आम्ही घरातल्या बायकांना आधी विचारतो. मारामारीच्या तारिफेने ताके विकले जात नाहीत. दोन-तीन आठवड्यांनंतरही कपड्याचे, रंगाचे नाव निघत असेल तरच माल घ्यावा, तोही थोडा आणि रोखीने.